वाक्याचं शेपूट

"मला खुर्चीत जास्त वेळ बसायला..." एवढंच पेटीतून ऐकू आलं आणि पलंगाशेजारची स्क्रीन निळी झाली.

फिजिओथेरपीच्या बाई मगदूम सरांचा हात तसाच हातात धरून थांबल्या. निळ्या पडद्यावर एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झालेला मजकूर आला: यंत्रात बिघाड झाला आहे, यंत्र पुन्हा सुरू होत आहे, कृपया वाट पाहा. वाट पाहण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतंच. यंत्र पुन्हा सुरू होऊन, सरांच्या मेंदूवरच्या जाळीशी त्याचं सूत जुळून, ते बोलतं व्हायला पाच-सात मिनिटं लागत. ज्यांच्या आवाजावर कधीकाळी सांगली-कोल्हापूरकडची कबड्डीची मैदानं डोलत, ते भूपाल मगदूम तेवढा वेळ पूर्ण मुके होऊन छताकडे बघत राहत.

"बसवू ना मग?" बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या त्रिशलाला विचारलं.

"बसवा," त्रिशला म्हणाली. "अण्णा कशाला नाही म्हणतील?"

तिचं लक्ष खरं तर वडिलांकडे नव्हतं, स्क्रीनकडे होतं. पंधरवड्यापूर्वी तिनंच आपल्या हातानं पेटीत जास्त वेगानं चालणारं नवीन कार्ड बसवलं होतं आणि तेव्हापासून हे सुरू झालं होतं. त्रिशला मिरजेतल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बिघाड कसा शोधायचा हा तिचा वर्गातला सगळ्यात आवडता विषय. आणि स्वतःच्या घरातला बिघाड काही तिला सापडत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी सरांच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, विचार शाबूत राहिले, कानही शाबूत राहिले. पण मेंदूकडून खाली जाणारा रस्ताच बंद पडला. हात-पाय, जीभ, चेहरा, काहीच हुकमात राहिलं नाही. पापण्यासुद्धा आपल्या मर्जीनं मिटत आणि उघडत, त्यामुळे डोळ्यांच्या खुणांनी बोलायचा प्रयत्नही फसला. वर्षभरानं डॉक्टरांनी 'मुखर' नावाचं यंत्र सुचवलं. घरात सगळे त्याला पेटीच म्हणत.

माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा एक भाग ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. सरांचे हुकूम खाली पोचत नव्हते, पण सुटत होते. त्या भागावर बसवलेली पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी ते हुकूम टिपायची आणि पेटी त्यांचे शब्द करून बोलून दाखवायची. मनात सुटे शब्द सारखेच उठत असतात. ते सगळे मोठ्यानं बोलले गेले तर माणसाची पंचाईत व्हायची. म्हणून पेटी सुट्या शब्दांकडे दुर्लक्ष करी आणि पूर्ण वाक्याची जुळणी सुरू झाली तरच तोंड उघडी. आवाज मात्र सरांचाच. शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या सामन्यांचे समालोचक. त्यांच्या समालोचनाच्या, सत्कारसमारंभातल्या भाषणांच्या ढीगभर ध्वनिफिती होत्या. पेटीला बोलायला त्यांवरूनच शिकवलं होतं.

पेटी पहिल्यांदा बोलली त्या दिवशी शेजारपाजारचे लोक जमले होते. "नाही म्हटलं तरी सगळे वेळेवर आलात," असं सर म्हणाले आणि घरात हशा पिकला. 'नाही म्हटलं तरी' हे त्यांचं मैदानावरचं पालुपद होतं. "नाही म्हटलं तरी पोरगं चपळ आहे," "नाही म्हटलं तरी पकड जोरदार झाली." माणूस परत आला, असं सगळ्यांना वाटलं.

परत आलेला माणूस मात्र थोडा वेगळा होता. आधीचे मगदूम सर म्हणजे घरात कुणी काहीही विचारलं की पहिल्यांदा नकार देणार आणि मग त्याची कारणं सांगणार. आजारानंतर ते मऊ झाले. चुलतभाऊ दादासाहेब रोज सकाळी येऊन त्यांना पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवू लागले, तर सर म्हणाले की मला ऐकायला आवडतं. दुपारी राजमतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, खोलीत बसून मालिका बघत, त्यालाही त्यांची हरकत नव्हती. राजमतीकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर शिकायचा विषय काढला तेव्हा तर सर चक्क म्हणाले, तू गाडी चालवावीस असं मला वाटतं. आता साठीच्या घरातल्या काकू हेल्मेट घालून जयसिंगपूरला बहिणीकडे एकट्या जाऊन येत.

त्रिशलाच्या आयुष्यालाही असंच एक वाक्य वळण देऊन गेलं होतं. पूर्वी ती बंगळूरला होती. लडाखात उभ्या राहणाऱ्या एका रेडिओ दुर्बिणीचे संवेदक तपासणाऱ्या गटात. अण्णांच्या आजारपणासाठी लांबलचक रजा काढून ती मिरजेला आली, आणि रजा संपत आल्यावर तिनं पलंगाशी बसून त्यांना सरळ विचारलं. पेटी म्हणाली, "तू इथं थांबावंस असं मला वाटतं." तिनं राजीनामा पाठवून दिला. तिच्या जुन्या प्रमुख हेब्बार मॅडम दरवर्षी एकदा फोन करून विचारत, येतेस का परत. यंदाही त्यांचा फोन येऊन गेला होता. दरवर्षी ती नाही म्हणायची, यंदा ते म्हणायचं राहून गेलं होतं, इतकंच.

*

जे शेवटी बदललं त्याच्याकडे आधी बघायचं, असं त्रिशला विद्यार्थ्यांना सांगायची. त्याप्रमाणे तिनं नवं कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासून स्वच्छ केले आणि परत घट्ट बसवलं. स्क्रीन निळी झाली. वीज कमी-जास्त होते म्हणावं तर मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. पेटीचं झाकण उघडून समोर पंखा लावला, तरी तेच. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून बदलल्या, कार्ड चालवणारा प्रोग्रॅम काढून नव्यानं घातला, मग जुन्यातला जुना घालून पाहिला. जुनं कार्ड परत लावलं की सगळं सुरळीत चाले, म्हणून कंपनीनं नवं कार्डच बदलून दिलं. दुसऱ्या कार्डावरही स्क्रीन तशीच निळी होत राहिली.

शेवटी तिनं जाळीची जोडणी सोडवून कंपनीची चाचणीची वाक्यं पेटीला दिवसभर बोलायला लावली. पेटी दिवसभर बिनचूक बोलली. संध्याकाळी जाळी जोडली आणि अण्णांना विचारलं, उद्या दादासाहेबकाकांना जरा लवकर बोलावू का? "दादानं लवकर यावं असं..." आणि निळा पडदा.

त्रिशलाची चिडचिड तिथं संपली आणि तिच्यातलं जुनं कुतूहल जागं झालं. कार्ड चांगलं होतं, मेमरी चांगली होती, वीज चांगली होती. पेटी फक्त अण्णा बोलले की कोसळत होती. तेही दर वेळी नाही. काही वाक्यं तर पूर्वीपेक्षा स्वच्छ येत होती. गेल्या आठवड्यात मालिका ऐन रंगात असताना सर अचानक "टीव्ही बंद करा" म्हणाले होते. काकूंनी दचकून टीव्ही बंद केला होता आणि थोड्या वेळानं, चुकून बोलले असतील म्हणून, परत लावला होता.

कंपनीत तिच्या तक्रारीचं काम झाकीर बागवान नावाच्या एका इंजिनिअरकडे होतं. शांत, नीट ऐकून घेणारा माणूस. पेटी कोसळते त्या क्षणी मेमरीत काय चाललं होतं याचे अवशेष मागे राहतात. ते तिनं त्याला पाठवले होते. शनिवारी दुपारी त्यानं फोन केला आणि बिघाड सापडल्याचं सांगितलं.

पेटीत एकाच वेळी दोन प्रोग्रॅम काम करतात, असं तो म्हणाला. एक जाळीकडून येणारे हुकूम उलगडून माणसाचं खरं वाक्य तयार करतो. ते काम फार जड असतं. त्यामुळे दुसरा प्रोग्रॅम, ज्याला कंपनीत पूरक म्हणतात, अर्धं वाक्य कळताच उरलेलं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधून ठेवतो. माणसाच्या जुन्या बोलण्याच्या सवयींवरून. खरं वाक्य वेळेत आलं तर ते बोलायचं. नाही आलं तर अंदाज बोलून मोकळं व्हायचं, म्हणजे संभाषण अडखळत नाही. गोम अशी होती की मेमरीत वाक्यासाठी जागा राखून ठेवायचं काम पूरक करत होता, आणि तो आपल्या अंदाजापुरतीच जागा राखत होता. पंगतीत दहा पानं मांडावीत आणि पंधरा माणसं यावीत, तसं व्हायचं. जास्तीची पाच माणसं शेजारच्या पंगतीतल्या पानांवर जाऊन बसत, तिथला हिशोब बिघडे आणि सगळी यंत्रणा घाबरून बंद पडे. खरं वाक्य अंदाजाएवढं किंवा त्याहून आखूड असलं की काहीच बिघडत नसे. लांब असलं की स्क्रीन निळी.

उपायही सोपा होता. जागा थोडीशी वाढवायची. पुढच्या आठवड्यात अपडेट येईल, आपोआप बसेल आणि निळी स्क्रीन बंद होईल, असं त्यानं सांगितलं. वाक्य राखलेल्या जागेपेक्षा लांब निघालं तर काय, असं तिनं विचारलं. झाकीर म्हणाला की तसं झालं तर पेटी अंदाजच बोलेल, यंत्र कोसळणार नाही.

त्रिशलाला यात एक गोष्ट खटकली. ही चूक इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही?

झाकीर म्हणाला की जुनी कार्डं हळू होती, त्यामुळे प्रोग्रॅममधल्या त्या वाटेनं कधी कुणी गेलंच नव्हतं.

"म्हणजे जुन्या कार्डावर माणसाचं पूर्ण वाक्य वेळेत पोचायचं तरी किती वेळा?" तिनं विचारलं.

पलीकडे त्यानं नोंदी चाळून पाहिल्या. मग तो म्हणाला, "लहान वाक्यं सोडली तर जवळजवळ कधीच नाही, मॅडम."

*

रविवारी सकाळी त्रिशला अण्णांच्या पलंगासमोर खुर्ची घेऊन बसली. आज तिनं स्क्रीन त्यांच्या बाजूला वळवली होती, म्हणजे दोघंही तिला एकदम दिसावीत. राजमतीकाकू दारातच मेथी निवडत होत्या.

तिनं अण्णांना आधी सोप्या, होकाराच्या गोष्टी विचारल्या. तुमची नोकरी शाळेतच झाली ना? पेटी म्हणाली, माझी सगळी नोकरी शाळेत झाली. कबड्डी आवडते ना? कबड्डीवर माझा जीव आहे, पेटी म्हणाली. मग तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही शाळेत गणित शिकवायचात का?"

"मी शाळेत गणित..." पेटी म्हणाली आणि निळी झाली.

पेटी पुन्हा सुरू होईपर्यंत ती वाट पाहत बसली. मग विचारलं, तुमचा जन्म पुण्याचा का? "माझा जन्म पुण्यात..." निळा पडदा. तुम्हाला दोन मुलगे आहेत का? निळा पडदा. दर वेळी ती वाट पाहायची, पुढचा प्रश्न विचारायची, आणि ज्याचं उत्तर नाही असंच असू शकतं अशा प्रत्येक प्रश्नावर पेटी कोसळायची. दारातल्या मेथीच्या जुडीचा आवाज कधी थांबला ते तिला कळलंही नाही.

कोडं सुटलं होतं, आणि ते भाषेत दडलेलं होतं. पूरक मुळात परदेशात, परदेशी भाषेसाठी लिहिला गेला होता. तिथं नकार वाक्याच्या तोंडाशीच येऊन जातो, मग शेपटाचा अंदाज फारसा चुकत नाही. मराठीत माणूस सगळं वाक्य बोलून घेतो आणि मग ठरवतो. आवडतं की आवडत नाही, यावं की येऊ नये, ते सगळं शेपटात. अर्ध्या वाक्यावर पूरक आपला होकार लावून मोकळा व्हायचा, कारण सामन्यांमध्ये आणि सत्कारांत सर नेहमी चांगलंच बोलत. खरं वाक्य त्याच्या पुढं जाऊन 'नाही' म्हणू लागलं, तर जुन्या कार्डावर ते कापलं जायचं आणि नव्या कार्डावर यंत्रच बंद पडायचं. आणि अण्णांनी नकार सुरुवातीलाच घालून पाहिला असेल तर? त्रिशलाला 'नाही म्हटलं तरी' आठवलं. पेटीतून आलेलं ते पालुपद नव्हतं. तो माणूस पहिल्या दिवसापासून 'नाही' म्हणत होता आणि पेटी त्याला 'म्हटलं तरी' जोडून पुढं जात होती.

तिनं आईला हे सगळं समजावून सांगितलं. राजमतीकाकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. मेथीची पानं ताटात गोळा केली आणि उठता उठता म्हणाल्या की अपडेट येतंय तर येऊ दे, नाहीतर जुनं कार्ड बसव, ते बरं होतं.

त्रिशला त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुला माहीत होतं?"

काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. "पहिल्याच महिन्यात. ते मला म्हणाले, तू दमली असशील, जरा बस. छत्तीस वर्षांत असं कधी म्हणाले नाहीत. तेव्हाच कळलं, हे बोलणं ह्यांचं नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नवरा मला हो म्हणतोय, म्हणून तो माझा नवरा नव्हे?" त्यांनी नळ सोडला आणि परत बंद केला. "एखाद्या माणसाला हो म्हणता येतं हे मला ऐकायचं होतं गं. कुठल्याही तोंडून का असेना."

त्रिशला रागावणार होती, पण राग आला नाही. ह्या घरात ती वाढली होती. हळूच इतकंच म्हणाली की ते आत बसून सगळं ऐकतायत. आपण एक म्हणतोय आणि आपल्याच आवाजात दुसरंच बाहेर पडतंय, हे दोन वर्षं.

काकू ओट्याला टेकल्या. मग त्यांनी विचारलं, सुरुवातीला ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते आठवतं का? डॉक्टर म्हणाले होते की या आजारात ते आपोआप येतं, त्याचा काही अर्थ नसतो. दिवसातून कितीदा तरी त्यांनी ते पदरानं पुसलं होतं. पुढं ते यायचं थांबलं, तेव्हा बरं वाटतंय म्हणून त्यांनी बहिणीला मुद्दाम फोन केला होता.

*

झाकीरला त्रिशलानं सांगितलं की अपडेट नको, त्यानं स्क्रीन निळी व्हायची थांबेल पण लांब नकारांच्या जागी अंदाजच बोलला जाईल, पूरक बंद कर. तो अडखळला. पूरक बंद केलं की बोलणं फार सावकाश येतं, घरच्या लोकांना ते सोसत नाही, असं तो म्हणाला. कंपनीकडे येणारे घरच्यांचे अभिप्राय फार चांगले आहेत, हेही त्यानं सांगितलं. सांगता सांगता आपण काय बोलतोय ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. शेवटी नियम होता तो असा: असा बदल करायला रुग्णाची संमती लागते, कंपनीच्या माणसासमक्ष, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

स्वतःच्या आवाजात म्हणजे कुठल्या, असं त्रिशलानं विचारलं. पेटी हो म्हणाली तर ते अण्णांचं हो की पूरकचं, हे ओळखायचं कसं? पेटीतून निघणाऱ्या कुठल्याही शब्दावर आता विश्वास ठेवता येत नव्हता. तिला एकच गोष्ट सुचली. पूरक काहीही बोलू शकत होता, पण स्क्रीन निळी करणं त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. त्यासाठी त्याच्या अंदाजापलीकडे जाणारं, माणसाचं स्वतःचं वाक्य लागत होतं.

सोमवारी दुपारी झाकीर व्हिडिओवर समोर आला. त्रिशला प्रश्न विचारायला पुढं सरकली, तेवढ्यात राजमतीकाकूंनी तिचा खांदा दाबून तिला मागं केलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही पेटी मधेच आपल्या मनाचं घालून बोलते. ते तसंच चालू राहू दे का?"

"पेटीनं मनाचं घालून बोललेलं मला..."

खोलीत निळा उजेड पडला. काकूंनी निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाच-सात मिनिटं कुणी जागचं हललं नाही. यंत्र परत उभं राहिलं तेव्हा काकूंनी प्रश्न उलटा करून विचारला. मग ते बंद करायला सांगू का?

"बंद करून टाका," पेटी म्हणाली.

"टाक रे बाबा बंद करून," काकू झाकीरला म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

फोन ठेवण्याआधी झाकीर त्रिशलाला म्हणाला की नुसती जागा वाढवायचं अपडेट तो थांबवून ठेवतोय. बाकीच्या घरांचं काय करायचं ते वरच्यांशी बोलावं लागेल, आणि तिनं हे सगळं लिहून दिलं तर ते बोलणं त्याला सोपं जाईल. तिनं त्याच दिवशी लिहून दिलं.

*

पूरकशिवायचे मगदूम सर फार सावकाश बोलत. एकेक शब्द सुटा येई, मधे इतका वेळ जाई की ऐकणाऱ्याला वाटे, झालं बोलून. पेटीवरचा छोटा हिरवा दिवा पेटलेला असेपर्यंत वाक्य संपलेलं नसे, आणि तो विझेपर्यंत गप्प राहायचं हे घरातल्या सगळ्यांना नव्यानं शिकावं लागलं.

पहिला आठवडा कठीण गेला. दादासाहेबांना कळलं की आपलं वाचन सरांना ऐकवत नाही, फक्त खेळाचं पान ऐकवतं. ते दोन दिवस आलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी आले आणि खेळाचं पान वाचून दाखवून गेले. टीव्ही बाहेरच्या खोलीत गेला. फिजिओथेरपीच्या बाईंना कळलं की सरांना खुर्चीत बसून पाठीत कळा येतात, आणि त्यांनी उशा बदलल्या.

एका दुपारी राजमतीकाकू हेल्मेट हातात घेऊन निघाल्या होत्या. तेव्हा दिवा लागला. "तू गाडी शिकलीस," पेटी म्हणाली, आणि मग बऱ्याच वेळानं, "ते मला आवडलेलं नाही." काकू उंबऱ्यातच थांबल्या. दिवा अजून विझला नव्हता. "पण रात्र व्हायच्या आत," पेटी म्हणाली, "परत येत जा."

"तशीच येते रोज," काकू म्हणाल्या आणि गेल्या. त्रिशलाला वाटलं होतं आई दुखावेल. पण बाहेरून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तो नेहमीपेक्षा जोरात.

त्रिशला मात्र आपला प्रश्न पुढं ढकलत होती. बिघाड शोधताना जी हिंमत होती ती आता कुठं गेली होती, तिलाच कळत नव्हतं. अण्णांनी तेव्हा 'वाटत नाही' म्हटलं असेल, तर आपण नको असलेल्या माणसासारख्या इथं राहिलो. आणि 'वाटतं'च म्हटलं असेल, तर मग प्रश्नच मिटला. दोन्हीपैकी कुठलं उत्तर आपल्याला हवंय हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी हेब्बार मॅडमचा पुन्हा निरोप आला, या वेळी मुदतीसकट, तेव्हा घरात दोघंच असताना तिनं खुर्ची ओढली.

"अण्णा, मी राजीनामा द्यायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं, थांबू का म्हणून. तेव्हा तुम्ही खरं काय म्हणाला होता?"

दिवा लागला. बराच वेळ नुसताच लागून राहिला.

"तू इथं थांबावंस असं मला वाटत नाही," पेटी म्हणाली. "असं म्हणालो होतो."

त्रिशलानं मान खाली घातली. तिला वाटलं ऐकायचं ते ऐकून झालं. पण दिवा हिरवाच होता, म्हणून ती बसून राहिली.

"ते खोटं होतं," पेटी म्हणाली. मग शब्दामागून शब्द, खूप अंतरानं येत गेले. "मला वाटत होतं तू थांबावंस. पेटीनं ते बरोबर ओळखलं. पण मला तुला ते सांगायचं नव्हतं. मी विचार करून खोटं बोललो होतो. ते खोटं माझं होतं."

दिवा विझला. पूरक चुकला नव्हता, हे त्रिशलाच्या हळूहळू ध्यानात आलं. वडिलांच्या मनात काय आहे ते त्यानं अचूक सांगितलं होतं. फक्त मनात काय आहे आणि बाहेर काय काढायचं, यांच्यामधली जी एवढीशी जागा माणसाची स्वतःची असते, तीच त्यानं खाऊन टाकली होती. मुलीनं जावं म्हणून अण्णांनी आपलं मन मारून एक वाक्य जुळवलं होतं. ते कुणापर्यंत पोचलंच नाही आणि तिसऱ्याच कुणीतरी तिला थांबवून घेतलं.

आणि तिनं तरी दुसरं काय केलं होतं? तिला काय वाटतं ते तिलाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. उत्तर अण्णांवर सोपवून ती मोकळी झाली होती.

"मला जायचंय, अण्णा," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "तेव्हाही जायचं होतं."

दिवा लागला. तिनं गुडघ्यांवर हात घट्ट दाबून धरले.

"मग मला," पेटी म्हणाली, "विचारलंस कशाला?"

हे जुने मगदूम सर होते, मैदानावर रांग चुकलेल्या पोराला एका वाक्यात जागेवर आणणारे. त्रिशलाला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. पुसायला तिनं हात उचलला तेव्हा दिसलं की अण्णांच्याही डोळ्यांतून पाणी आलंय. ते आपोआप आलेलं की कसं, हे सांगायला कुठलंही यंत्र नव्हतं. तिनं ते पुसलं नाही, नुसती जवळ सरकून बसली.

थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागला. अण्णांना दुर्बिणीबद्दल विचारायचं होतं. तिथं थंडी किती, रात्री बाहेर उभं राहता येतं का, तारा दिसतो की नुसता ऐकू येतो. दोन वर्षांत त्यांनी तिला तिच्या कामाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल, तर ते प्रश्न कुठंतरी अर्ध्यात कापले गेले असतील. ऐकू येतो म्हणजे नेमकं काय ते सांगायला तिनं सुरुवात केली, आणि सांगता सांगता लक्षात आलं की सावकाश सांगितलं तरी चालेल, समोरच्या माणसाला घाई नाही.

संध्याकाळी राजमतीकाकू परत आल्या तेव्हा त्रिशला अंगणात फोनवर बोलत होती. काकूंनी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि खुणेनंच विचारलं, कोण?

"बंगळूर," त्रिशला म्हणाली.

काकूंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. पेट्रोल संपत आलंय, भरून आण, एवढंच सांगितलं, आणि आत जाऊन नवऱ्याला आज जयसिंगपूरला काय काय झालं ते सांगत बसल्या. मधूनमधून त्या थांबत होत्या. बराच वेळ थांबत होत्या.